साठ मीटरवरची तहान

क्रेनवाल्याला स्वतःच्या दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे साठ मीटर उंचीवरून तो काँक्रीटची बादली इतकी अलगद टेकवायचा, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या कपातला चहा हलायचा नाही. आणि दुसरी म्हणजे सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत तो पाण्याचा एक थेंब घ्यायचा नाही. पहिल्या गोष्टीचं कौतुक लोक करायचे. दुसरीचं त्याला स्वतःलाच करावं लागायचं.

त्यामागचं गणित सरळ होतं. टॉवर क्रेनच्या केबिनपर्यंत जाणारी लोखंडी शिडी दोनशे दहा पायऱ्यांची. उतरायला बारा मिनिटं, चढायला वीस. तेवढा वेळ क्रेन बंद, आणि क्रेन बंद म्हणजे खाली दोनशे माणसं हातावर हात ठेवून बसणार. जो पाणी पितो त्याला खाली उतरावं लागतं, जो पीत नाही त्याला लागत नाही. हे गणित त्याने नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सोडवलं आणि पुढची बावीस वर्षं उत्तर पुन्हा तपासून पाहिलं नाही.

केबिन तीन बाजूंनी काचेची आणि वर पत्रा. त्या गावात उन्हाळा वर्षाचे नऊ महिने असायचा आणि उरलेले तीन महिने तो नुसता दम खायचा. दुपारी केबिनचा दांडा पकडायला फडकं लागायचं. साइट इंजिनिअर तसा बिचारा चांगला माणूस. त्याने एकदा सुचवलं होतं, की वर एक रिकामी बाटली न्यावी, म्हणजे उतरण्याचा प्रश्नच येणार नाही.

"नको साहेब, खाली माणसं असतात," क्रेनवाला म्हणाला.

"अहो, बाटलीला झाकण असतं."

"वर वारा असतो."

इंजिनिअरने तो विषय पुन्हा काढला नाही. माणूस एकदा का स्वतःच्या हट्टाला शिस्त म्हणायला लागला, की त्याच्या नादी लागण्यात अर्थ नसतो.

असा हा कोरडा ठणठणीत माणूस, आणि त्याच्या सख्ख्या बहिणीची दोन्ही मूत्रपिंडं बंद पडलेली. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणी तो सापडेल त्यावर चढायचा म्हणून ती त्याला माकड म्हणायची आणि अजूनही म्हणायची. दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, ती रक्त धुणाऱ्या यंत्राला जोडलेली असायची. लघवीच होत नसल्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साठायचं, पाय सुजायचे, धाप लागायची. म्हणून तिला दिवसाला सातशे ग्रॅम पाणी, त्यातच चहा, त्यातच गोळ्या गिळायचा घोट.

ग्रॅम अशासाठी, की दाजी वजनकाटे दुरुस्त करायचे. घरात लहानमोठे अकरा काटे होते आणि दुःखातही माणूस आपला धंदा विसरत नाही. दाजी कप प्यायच्या आधी तोलायचे, प्यायल्यावर तोलायचे, आणि ताईलाही सकाळ-संध्याकाळ तोलायचे. कलिंगड हे फळ की पेय, यावरून नवरा-बायकोत दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी दाजींनी फोड फडक्यात पिळून रस तोलला आणि ते पेयच असल्याचं सिद्ध केलं. ताई त्यावर हसली होती. ती सगळ्यावरच हसायची, त्यामुळे तिचं काय चाललंय ते कुणाला नीट कळायचं नाही.

शेवटी तिला दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवायचं ठरलं, आणि जुळलं ते एकट्या क्रेनवाल्याचं. तो कुणी विचारायच्या आधीच हो म्हणाला. त्याची बायको अर्ध्या मिनिटाने हो म्हणाली. त्या अर्ध्या मिनिटात तिच्या मनात काय आलं ते त्याने कधी विचारलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की देणाऱ्याचं मूत्रपिंड धडधाकट आहे हे आधी रक्तावरून दिसलं पाहिजे. क्रिएटिनिन नावाचा एक कचरा रक्तात असतो, मूत्रपिंड तो बाहेर टाकतं. आकडा एकाच्या आसपास असला तर उत्तम, फार वर गेला तर अवयवदानाची मंजुरी समिती फाइल परत पाठवते. "परवा सकाळी उपाशीपोटी या," त्या म्हणाल्या.

आता उपाशीपोटी म्हणजे अन्न नको, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण क्रेनवाल्याला वाटलं, बहिणीच्या जिवाचा प्रश्न आहे, काही कमी पडायला नको. त्याने आदल्या दुपारपासूनच तोंडाला कुलूप लावलं. संध्याकाळचं पाणी नाही, रात्रीचं नाही, सकाळी चूळ भरली तीही थुंकून टाकली. शिवाय आदल्या दिवशी वर केबिनमध्ये दहा तास काढले होतेच.

रक्त काढणाऱ्या बाईंनी सुई टोचली आणि वाट पाहिली. मग दुसऱ्या हाताला टोचली.

"काका, येतच नाहीये."

"येईल. शिस्तीत वाढलंय ते," तो म्हणाला.

दुपारी डॉक्टरीणबाई तो कागद बराच वेळ बघत बसल्या. क्रिएटिनिन एक पूर्णांक सात. हिमोग्लोबिन साडेअठरा. बाकीचे आकडेही असेच शिडी चढून वर बसलेले.

"दिवसाला पाणी किती पिता?"

"ड्यूटीवर पीत नाही."

"म्हणजे कमी पिता."

"म्हणजे पीत नाही."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी सांगितलं, की अशा उन्हात घामावाटे पाणी निघून जातं, रक्त दाट होतं, आणि दाट रक्तात प्रत्येक गोष्ट जास्त भरते. मूत्रपिंड कदाचित ठणठणीत असेल, पण कागदावर तसं दिसत नाही. "रोज तीन लिटर पाणी प्या. थोडं थोडं, दिवसभर. आठ दिवसांनी पुन्हा बघू. आणि उपाशीपोटी पाणी चालतं हो."

बायको बरोबर होती. तिने घरी जाताना रस्त्यातच तीन बाटल्या घेतल्या. पण बाटल्या घेऊन काय होतं? आठवडाभर साइटवर कामाची घाई होती, आणि बावीस वर्षांची सवय काही बाटल्या बघून घाबरत नाही. तो रोज भरलेल्या बाटल्या वर न्यायचा आणि रोज भरलेल्या खाली आणायचा. सातव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, की बरंच पाणी बाकी राहिलंय.

इथे त्याने विचार केला तो क्रेनवाल्यासारखा. ओझं ते ओझं. दहा फेऱ्यांत उचला नाहीतर एका फेरीत, पोचल्याशी कारण. सकाळी पाच वाजता तो स्वयंपाकघरात स्टुलावर बसला. बायको ओतत गेली, तो पीत गेला. दोन लिटरनंतर त्याने पट्टा सैल केला, चार लिटरनंतर काढून ठेवला. साडेसात वाजेपर्यंत सहा लिटर झाले. रिक्षात प्रत्येक खड्ड्याला पोटातून आवाज येत होता आणि रिक्षावाला मागे वळून बघत होता.

लॅबमध्ये तो भिंतीवरच्या कॅलेंडरला नमस्कार करून आत गेला. रक्त काढणाऱ्या बाईंना त्याने तीनदा नाव विचारलं आणि तीनदा छान म्हणाला. मग बाकावर बसला आणि बसल्या जागी तिरपा झाला.

क्रिएटिनिन शून्य पूर्णांक सात. पण सोडियम इतकं खाली, की डॉक्टरीणबाई स्वतः धावत आल्या. "हे रक्त आहे की धुवण?" त्या बायकोवर ओरडल्या. "अहो, असं पाणी पिऊन माणसं मरतात." सकाळपासून आपणच ओतत होतो, एवढंच बायकोला आठवत राहिलं आणि ती तिथेच रडायला लागली.

दवाखाना लहान. रिकामी खाट होती ती एकच, ताईच्या यंत्राशेजारची. क्रेनवाल्याला तिथे आडवं केलं आणि खाटेला पाटी लावली: पाणी देऊ नये. ताईच्या खाटेला ती पाटी दोन वर्षांपासून होतीच. ताईने मान वळवून आधी भावाकडे पाहिलं, मग पाटीकडे, आणि ती इतकी हसली की यंत्र टीं-टीं करायला लागलं आणि नर्स पळत आली.

"माकडा," ती म्हणाली, "आपण दोघं एका पथ्यावर, जन्मात पहिल्यांदा."

तोही हसला. मग त्याचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. सुया टोचून टोचून दंड दोरखंडासारखा झाला होता, आणि हसताना सरकलेली सुई पुन्हा घालायला नर्सला जागा मिळत नव्हती. त्याने दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला, पण खाट अशी होती की दुसरीकडे भिंतच होती.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेतलं. समिती अठ्ठावीस तारखेला बसणार होती, त्यानंतर एकदम तीन महिन्यांनी. ताईच्या शिरा आता साथ देत नव्हत्या, तीन महिने निघतील याची खात्री त्या देऊ शकत नव्हत्या. "अजून एकदाच रक्त घेईन. मला खरा आकडा हवाय. सुकवलेला नको, भिजवलेला नको."

घरी आल्यावर सूत्रं ताईने हातात घेतली. नवऱ्याने दोन वर्षं तिच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवला होता, आता तिला कुणाचा तरी ठेवायला मिळाला आणि ती खुलली. सात, नऊ, अकरा, एक, तीन, पाच, सात आणि साडेआठ अशा वेळा ठरल्या. वेळ झाली की केबिनमध्ये फोन वाजायचा.

"पी. आवाज येऊ दे."

तो प्यायचा. साठ मीटर उंचीवर, गळा फोनजवळ धरून.

"कसं आहे?"

"पाणी आहे."

"ते मला माहितीये. गार आहे का?"

"कोमट."

"नीट सांग ना रे. पहिल्या घोटाला कसं वाटलं?"

क्रेनवाल्याच्या तोंडचे शब्द आधीच मोजके, आणि पाण्याबद्दल बोलायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. पण ताई फोन ठेवेना. तेव्हा तो म्हणाला, "जीभ टाळूला चिकटली होती, ती सुटली. मग घशात जरा वेळ थांबलं. मग छातीच्या मधोमध खाली गेलेलं कळलं." "हं," ताई म्हणाली, आणि फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी तो स्वतःहूनच सांगायला लागला. माठातलं पाणी आणि नळाचं पाणी यांत काय फरक आहे, स्टीलच्या पेल्यातलं ओठाला आधी गार का लागतं, असलं काहीबाही. बायकोला वाटलं, सोडियमचा परिणाम अजून उतरला नाही.

पण जे वर जातं ते खाली येणारच. दिवसातून चारदा क्रेन थांबायला लागली. पहिल्या दिवशी दोनशे माणसांनी माना वर करून त्याचं उतरणं बघितलं. दुसऱ्या दिवशी फिटर लोकांच्या मुकादमाने नियम काढला, की क्रेनवाला शिडीवर दिसला की सगळ्यांनी पाणी पिऊन घ्यायचं, तसंही दुसरं काही करता येत नाही. इंजिनिअरने कामाच्या तक्त्यावर निळ्या पेनाने चार पट्टे मारले आणि वरिष्ठांनी विचारलं तेव्हा ती वाऱ्याची वेळ असल्याचं सांगितलं. माणसांची दुपारची डोकेदुखी थांबली. त्याचं श्रेय इंजिनिअरने नव्या हेल्मेटना दिलं.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि नेमका तपासणीच्या आदल्या दिवसावर स्लॅब आला.

"एकोणिसावा मजला," इंजिनिअर म्हणाला. "काँक्रीट एकदा सुरू झालं की थांबत नाही. अर्धा तास थांबलं तर सांधा पडतो आणि पुढे जन्मभर गळत राहतं. उद्याचा दिवस पाणी नको."

"मग उद्याचा दिवस मी नको."

"अहो, एक दिवसाने काय होतंय?"

"एका दिवसानेच झालं होतं साहेब."

इंजिनिअर डोकं धरून बसला. त्याचंही चूक नव्हतं. स्लॅब गळला असता तर त्याची नोकरी गेली असती. मार्ग काढला तो मुकादमाने. क्रेन थांबेल तेवढा वेळ काँक्रीट हाताने चढवायचं. एकोणीस मजले, जिन्याच्या प्रत्येक वळणावर तीन माणसं, आणि घमेली हातोहात वर. इंजिनिअर म्हणाला, हे वेड्यासारखं आहे. मुकादम म्हणाला, हो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता क्रेनवाला शिडीवर दिसला आणि खाली मुकादमाने शिट्टी मारली. एका माणसाला लघवीला जाता यावं म्हणून दीडशे माणसांनी एकोणीस मजले काँक्रीट हातांवर झेललं. हे कुठल्याही बांधकामाच्या पुस्तकात नाही आणि येणारही नाही. इंजिनिअर हातात घड्याळ धरून मुतारीच्या दाराबाहेर उभा राहिला.

आत क्रेनवाल्याला काही होईना. पोट तुंबलेलं, पण बाहेर घमेल्यांचा खणखणाट, माणसांचे "घे, घे, दे, दे", आणि हे सगळं आपल्यापायी, या विचाराने सगळं जागच्या जागी आखडून बसलं.

"झालं का?" बाहेरून इंजिनिअर.

"साहेब, विचारू नका."

"नाही विचारत." थोड्या वेळाने, "दुसरं काहीतरी मनात आणा."

त्याने मनात दुसरं काहीतरी आणलं. ताईचा दंड आला, नर्सची सुई आली, आणि मग सातव्या मजल्यावरून कुणीतरी काहीतरी शिवराळ बोललं, सगळी रांग हसली, तोही हसला, आणि झालं. दार उघडून तो बाहेर आला तेव्हा इंजिनिअरने त्याचा हात हातात घेऊन दाबला. हात धुतलेला नव्हता हे दोघांच्याही उशिरा लक्षात आलं. त्या दिवशी तीनदा शिट्टी वाजली, आणि स्लॅबला सांधा पडला नाही.

सकाळी रक्त पहिल्या टोचणीला आलं. डॉक्टरीणबाईंनी शंका नको म्हणून तोच नमुना दोनदा लावला. क्रिएटिनिन शून्य पूर्णांक नऊ, सोडियम एकशे एकोणचाळीस, हिमोग्लोबिन पंधरा. सगळे आकडे आपापल्या जागी बसलेले. त्यांनी फाइलवर सही केली आणि बोट रोखून सांगितलं, की यापुढे तुमच्याकडे एकच मूत्रपिंड राहील, आणि त्या एकट्याला असं सुकवता येणार नाही, क्रेन असो वा नसो. "आता उतरता येतं मला," तो म्हणाला. अठ्ठावीस तारखेला समितीने दहा मिनिटांत मंजुरी दिली.

तो आणि बायको तिथून तडक ताईकडे गेले. दाजींनी कागद तीनदा वाचला आणि चष्मा पुसायला आत गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत. ताईने कागद हातात घेतला नाही. तिने घड्याळात पाहिलं, तीन वाजले होते. ती उठली, भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली, पेला भरला आणि भावापुढे धरला.

"वेळ झाली तुझी."

त्याने पेला घेतला. सवयीने तो सांगायला लागला, की गार आहे, पेल्याला बाहेरून थेंब जमलेत. सांगता सांगता त्याने वर पाहिलं. ताई त्याच्याकडे बघत नव्हती, पेल्याकडे बघत होती. दोन वर्षांत तिने कलिंगडावर विनोद केले होते, काट्यांवर केले होते, यंत्रावर केले होते. एक वाक्य मात्र तिने कधी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. नवऱ्यापुढे नाही, डॉक्टरांपुढे नाही.

"मला तहान लागलीये रे," ती म्हणाली. "फार लागलीये."

आणि ती रडायला लागली. लहान मूल रडतं तशी, तोंड उघडं टाकून. बायकोने तिला जवळ घेतलं. क्रेनवाला पेला हातात धरून उभा राहिला. त्याला तो खाली ठेवावासा वाटला, पण कुठे ठेवावा ते कळेना.

"तू पी," ताई बायकोच्या खांद्यावरून म्हणाली. "तू पी आधी. ऑपरेशनची तारीख कधीची दिलीये?"

"अठरा."

तिने बोटांवर मोजलं. एकवीस दिवस होते. मग त्याने तिच्यासमोर उभं राहून सगळं पाणी प्यायलं.